पराभवाचा हिशेब : सान्तियागो २००८ आणि प्रशिक्षकाचे निर्णय

स्मरणिकेची पाने सहसा यशाच्या नोंदींनी भरतात, आणि ते योग्यच आहे. शालान्त परीक्षेचे निकाल, माजी विद्यार्थ्यांच्या पदव्या व नेमणुका, दात्यांचे ऋण यांची नोंद झालीच पाहिजे. या अभ्यासपाठात मात्र आम्ही एका पराभवाचा विचार करणार आहोत.

निमित्त घरचेच आहे. मागील वर्षी शालेय कबड्डी स्पर्धेत आपल्या विद्यालयाचा संघ तालुका पातळीवरच हरला. त्या सामन्यात संघाचा मुख्य चढाईपटू बाकावर बसून होता. आदल्या संध्याकाळी सरावात त्याचा घोटा मुरगळला होता आणि सकाळी पायाला सूज होती. मुलगा पुन्हापुन्हा ‘सर, मी खेळतो’ म्हणत राहिला. क्रीडाशिक्षकांनी त्याला उतरविले नाही. त्याच्या जागी इयत्ता नववीतील एक विद्यार्थी खेळला आणि सामना तीन गुणांनी गेला. पुढच्या रविवारी वसतिगृहात भेटीला आलेले एक पालक म्हणाले, “सर, पाच मिनिटं तरी खेळवायचं होतं. पोरांची वर्षाची मेहनत गेली.” रात्री मुलांनीही तोच निवाडा दिला. क्रीडाशिक्षकांनी कुणालाही उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितले, की संघाची जबाबदारी आता दुसऱ्या कुणाकडे द्यावी.

ही विनंती मान्य करावी की नाही, यासाठी आम्ही शिक्षक एकत्र बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. निकाल वाचणे आम्हांला येते. निर्णय पारखणे येत नाही. ऐकले म्हणून खरे मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालामसुत्तातील शिकवण आपण मुलांना सांगतो. मग एका पराभवाची पारख कशी करावी? त्यासाठी आम्ही एक मोठा पराभव अभ्यासाला घेतला. तो भारतीय हॉकीचा आहे आणि त्या संघाचे प्रशिक्षक आपल्या मुंबईचे होते.

सान्तियागोचा सामना

दिनांक ९ मार्च २००८. स्थळ चिली देशाची राजधानी सान्तियागो. बीजिंग ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेत सहा संघ उतरले होते आणि तिकीट एकच होते. अंतिम सामना भारत व ग्रेट ब्रिटन यांच्यात झाला. पहिल्या दहा मिनिटांतच ब्रिटनने दोन गोल केले. उरलेल्या साठ मिनिटांत भारताला एकही गोल करता आला नाही. सामना ०-२ असा संपला.

या आकड्यांचे वजन समजण्यासाठी थोडा इतिहास आठवावा लागेल. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकपासून भारताचा हॉकी संघ प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये उतरला होता. १९२८ ते १९५६ या काळात त्याने सलग सहा सुवर्णपदके मिळविली. पुढे १९६४ आणि १९८० ची मिळून एकूण आठ. स्वातंत्र्यानंतर अवघ्या एका वर्षात, १९४८ साली, लंडनमध्ये याच ग्रेट ब्रिटनला आपण अंतिम सामन्यात ४-० असे हरविले होते. त्या संघात मुंबईचे गोलरक्षक लिओ पिंटो होते. अशी ऐंशी वर्षांची परंपरा सान्तियागोत तुटली आणि बीजिंगला भारताचा पुरुष हॉकी संघ गेलाच नाही.

संघाचे प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो. ते मुंबईच्या हॉकीत वाढलेले आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेले. पराभवानंतर त्यांनी राजीनामा दिला. देशभर एकच प्रश्न विचारला जात होता : प्रशिक्षक कुठे चुकले?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना तीन कसोट्या लावाव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली कसोटी : निर्णय घेताना काय ठाऊक होते?

प्रत्येक निर्णय अपुऱ्या माहितीवर घेतला जातो. निकाल लागल्यावर माहिती पूर्ण होते आणि मग मागे वळून पाहणाऱ्याला सारेच स्पष्ट दिसते. म्हणून निर्णयाची पारख करताना आपण त्या क्षणी जाऊन उभे राहिले पाहिजे.

कार्व्हालो यांच्यापुढे त्या क्षणी काय होते? सप्टेंबर २००७ मध्ये चेन्नई येथे आशिया चषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने दक्षिण कोरियाचा ७-२ असा पराभव केला. दक्षिण कोरिया त्या वेळी आशियाई क्रीडास्पर्धांचा विजेता होता. अशा संघाला पाच गोलांच्या फरकाने हरविणाऱ्या खेळाडूंवर सहा महिन्यांनी प्रशिक्षकाने विश्वास ठेवला, तर त्याला अविचार म्हणता येणार नाही. सप्टेंबरमध्ये ज्यांनी प्रशिक्षकाची पाठ थोपटली, त्यांनीच मार्चमध्ये त्याला खेळातले कळत नाही असे म्हटले असेल, तर त्यांनी प्रशिक्षकाला पारखलेच नाही. त्यांनी दोन्ही वेळा फक्त गुणफलक वाचला.

तथापि ही कसोटी प्रशिक्षकाला सरसकट निर्दोष ठरवीत नाही. सान्तियागोच्याच स्पर्धेत, साखळी सामन्यात, भारत ब्रिटनकडून २-३ असा हरला होता. म्हणजे प्रतिस्पर्धी कोण, त्याची चाल कशी, त्याची ताकद कुठे, हे अंतिम सामन्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलेले होते. असे असताना पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल व्हावेत, याचा जाब प्रशिक्षकाला विचारणे योग्य ठरते. पहिली काही मिनिटे बचाव घट्ट ठेवायचा की आरंभापासून चढून जायचे, मध्यफळीने कुणाला रोखायचे, हे सामन्याआधी ठरवायचे असते आणि ते ठरविणे प्रशिक्षकाचेच काम. मैदानावरची चूक खेळाडूंची असेल. तयारीतली उणीव मात्र प्रशिक्षकाच्या खात्यावरच लिहावी लागते.

दुसरी कसोटी : कोणता निर्णय कुणाच्या हाती होता?

आता एक पाऊल मागे जाऊ. भारताला सान्तियागोला जावेच का लागले?

ऑलिम्पिकचे आशियाचे थेट तिकीट २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धांतील विजेत्याला मिळणार होते. तिथे भारत पाचवा आला. आशियाई क्रीडास्पर्धांत हॉकीचे पदक न मिळण्याची भारताची ती पहिलीच वेळ. सुवर्णपदकासोबत तिकीटही दक्षिण कोरियाने नेले. त्याच वर्षी जर्मनीतील विश्वचषकात बारा संघांत भारत अकरावा आला होता. या दोन्ही स्पर्धांच्या वेळी कार्व्हालो प्रशिक्षक नव्हते; त्यांच्याकडे संघ आला तो २००७ मध्ये. चेन्नईचा आशिया चषक त्यांनी जिंकून दिला, पण त्या चषकासोबत ऑलिम्पिकचे तिकीट नव्हते. दार एकच उरले होते आणि ते सान्तियागोत होते.

यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्या आपल्या पालकांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. कापडाचा ताका फोल्डिंगला गेला की दोष दिसतो आणि पहिला ठपका माग चालविणाऱ्या कारागिरावर येतो. पण सायझिंगच्या वेळी सुताला खळच नीट बसली नसेल, तर मागावर धागा तुटतच राहणार. कारागीर लक्ष देऊन धागा जोडू शकतो. बिघडलेला बीम तो बदलू शकत नाही. दोष जिथे दिसला तिथेच तो निर्माण झाला, असे धरून चालणारा मालक दर महिन्याला कारागीर बदलतो आणि कापड मात्र तसेच निघत राहते.

भारतीय हॉकीच्या बीमची अवस्था त्या काळी काय होती? १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली आणि त्या पहिल्याच खेपेला भारत सातवा आला. कृत्रिम मैदानावर चेंडू वेगाने धावतो, दम जास्त लागतो, पेनल्टी कॉर्नरचे महत्त्व वाढते. युरोप आणि ऑस्ट्रेलियात मुले लहानपणापासून अशा मैदानांवर खेळू लागली. आपल्याकडे बहुसंख्य मुले मातीवर व गवतावर शिकत राहिली. ऑस्ट्रेलियाचे नामवंत प्रशिक्षक रिक चार्ल्सवर्थ तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आले होते. तेही २००८ च्या मध्यास निघून गेले. सान्तियागोनंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच एप्रिलमध्ये एका वृत्तवाहिनीने गुप्त चित्रीकरण दाखविले. संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप भारतीय हॉकी महासंघाच्या सचिवांवर झाला आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेने तो महासंघच निलंबित केला. ज्या संस्थेच्या छत्राखाली प्रशिक्षक काम करीत होता, तिची ही स्थिती होती. प्रशिक्षकाच्या चुका मोजताना ही बाब बाजूला ठेवता येणार नाही.

तिसरी कसोटी : पराभवानंतर काय निर्णय झाला?

पराभवाच्या आधीचे निर्णय जितके महत्त्वाचे, तितकेच त्यानंतरचे. इथे एक तुलना फार बोधप्रद आहे. २००६ चा विश्वचषक जर्मनीने जिंकला होता. पण २००७ च्या युरोपीय स्पर्धेत हाच जगज्जेता संघ चौथा आला आणि त्यालाही थेट प्रवेश मिळाला नाही. भारताप्रमाणेच जर्मनीला पात्रता स्पर्धेची पायरी चढावी लागली; एप्रिल २००८ मध्ये जपानमध्ये ती स्पर्धा त्यांनी जिंकली. युरोपातील अपयशानंतरही त्यांचे प्रशिक्षक मार्कुस वाइझे पदावर राहिले. त्याच संघाने ऑगस्टमध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळविले.

आपली रीत वेगळी होती. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने बत्तीस वर्षांनंतर हॉकीचे सुवर्ण जिंकले. कर्णधार होते पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले, प्रशिक्षक एम. के. कौशिक. त्या विजयानंतर लवकरच धनराज यांच्यासह अनेक खेळाडूंना संघाबाहेर ठेवले गेले आणि प्रशिक्षकही बदलले गेले. २००२ च्या क्वालालंपूर विश्वचषकात तर मुंबईचेच प्रशिक्षक सेड्रिक डिसूझा यांना स्पर्धा चालू असतानाच पदावरून दूर करण्यात आले. संघ दहावा आला. सान्तियागोनंतरही प्रशिक्षक बदलत राहिले. स्पेनचे होसे ब्रासा आले, ऑस्ट्रेलियाचे मायकेल नॉब्स आले. आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत बारा संघांत बारावा आला. दुखणे केवळ प्रशिक्षकात असते, तर इतक्या बदलांनंतर ते बरे व्हायला हवे होते.

याच्या उलट चित्र २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकचे. २५ जुलै रोजी साखळी सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असे चिरडले. प्रशिक्षक ग्रॅहम रीड २०१९ पासून संघासोबत होते. त्यांना कुणी हटविले नाही, संघातही घबराट माजली नाही. पुढच्याच सामन्यात भारताने स्पेनला ३-० असे हरविले. नंतर अर्जेंटिना, जपान आणि उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटन यांना नमविले. उपांत्य सामना बेल्जियमकडून गमावला, पण ५ ऑगस्टला जर्मनीवर ५-४ असा विजय मिळवून एकेचाळीस वर्षांनी ऑलिम्पिकचे हॉकी पदक घरी आणले. ७-१ च्या रात्री जर प्रशिक्षकाचा निवाडा झाला असता, तर हे कांस्यपदक मिळाले असते का, याचा वाचकांनी विचार करावा.

प्रशिक्षक कधी बदलूच नये, असा याचा अर्थ आम्ही काढीत नाही. याच रीड यांच्या संघाला जानेवारी २०२३ मध्ये ओडिशातील विश्वचषकात न्यूझीलंडने ३-३ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरविले, भारत नववा आला आणि रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले क्रेग फुल्टन यांच्या मार्गदर्शनाखाली २०२४ मध्ये पॅरिसलाही कांस्य मिळाले. बदल कधी उपयोगी पडतो, कधी घातक ठरतो. तो विचारान्ती झाला की रागाच्या भरात, एवढेच पाहावयाचे.

मग कार्व्हालो यांचा निवाडा काय? आमचा निष्कर्ष असा. एका वर्षाच्या आत संघ उभा करून आशिया चषक जिंकणे, ही त्यांची कामगिरी खरी होती. अंतिम सामन्याची पहिली दहा मिनिटे ही त्यांच्या व खेळाडूंच्या तयारीतील उणीव होती. एकाच तिकिटासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाण्याची वेळ येणे, हे मात्र त्यांच्या निर्णयांचे फळ नव्हते. पराभव आपल्या शिरावर घेऊन पद सोडणे यात मानीपणा आणि प्रामाणिकपणा होता. पण राजीनामा एका माणसाचे उत्तरदायित्व पूर्ण करतो. इतरांचे शिकणे त्याने पूर्ण होत नाही. उलट, एकाने दोष घेतला की बाकीचे सुटतात. २०१२ चा बारावा क्रमांक हे त्या अपुऱ्या शिक्षणाचे फळ होते, असे आम्हांस वाटते.

आपल्या मैदानावर

आता परत आपल्या विद्यालयाकडे येऊ. या तीन कसोट्या आम्ही क्रीडाशिक्षकांच्या निर्णयाला लावल्या. ते स्वतः त्या बैठकीला बसले होते.

सुजलेल्या पायाच्या मुलाला न उतरविण्याचा निर्णय आम्हां सर्वांना योग्य वाटला. त्या सकाळी जे ठाऊक होते, त्यावरून दुसरा निर्णय घेणे म्हणजे मुलाच्या पायाची बाजी लावणे होते. समजा, तो खेळला असता आणि आपण जिंकलो असतो, तर निकाल चांगला आणि निर्णय वाईट ठरला असता. आपली मुले पालकांनी आपल्या स्वाधीन केलेली आहेत. ढालीपेक्षा घोटा मोलाचा आहे, हे आपण बोलतो. ते पाळण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ते पाळले.

मात्र दुसरी एक गोष्ट क्रीडाशिक्षकांनीच सांगितली. वर्षभराच्या सरावात जवळजवळ सर्व चढाया एकाच मुलाकडून करून घेतल्या गेल्या. जिंकत होतो, म्हणून बदल करावासा वाटला नाही. नववीचा मुलगा त्या दिवसापूर्वी एकही पूर्ण सराव सामना खेळला नव्हता. “त्याला मी तयारच केलं नव्हतं, हरलो तो मी, तो नाही,” असे ते म्हणाले. ही चूक त्यांच्या हातातली होती, पण ती सामन्याच्या दिवशीची नव्हती. ती जून महिन्यापासून दररोज होत होती आणि जिंकत असल्यामुळे कुणालाच दिसत नव्हती.

आणि तिसरी गोष्ट आमच्या, म्हणजे विद्यालयाच्या खात्यावर लिहिली गेली. पावसाचे पाणी साचल्याने मैदान जवळजवळ महिनाभर बंद होते. त्या काळात सरावासाठी दुसरी जागा पाहण्याची विनंती क्रीडाशिक्षकांनी केली होती. आम्ही ‘बघू’ म्हटले आणि पाहिले नाही. पालकांनी ज्या माणसाला जाब विचारला, त्याने हे कुणालाही सांगितले नव्हते. ते आज इथे नोंदविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्यांची विनंती अमान्य करण्यात आली. आजही संघ त्यांच्याकडेच आहे. त्या मुलाचा पाय बरा झाला. नववीतून दहावीत गेलेला विद्यार्थी आता सरावात निम्म्या चढाया करतो. यंदाचा संघ जिंकेल की नाही, हे ही स्मरणिका छापून होईपर्यंत ठरलेले नाही, आणि या पाठाचा निष्कर्ष त्यावर अवलंबूनही नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज पर्यवेक्षक, शिक्षक, अधिकारी, लहानमोठे उद्योजक आहेत. दुसऱ्यांच्या निर्णयांचा निवाडा करण्याची वेळ त्यांच्यावर येते. पालकांवर तर ती दर निकालाच्या दिवशी येते. दहावीची गुणपत्रिका हातात घेऊन मुलासमोर उभे राहताना या कसोट्या आठवल्या, तर या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

चर्चेसाठी प्रश्न

१. निर्णय योग्य पण निकाल वाईट, आणि निर्णय अयोग्य पण निकाल चांगला, असे प्रत्येकी एक उदाहरण आपल्या अनुभवातून सांगा.

२. सान्तियागोच्या पराभवास कारणीभूत ठरलेल्या गोष्टी कालक्रमाने लिहा. त्यांपैकी कोणत्या प्रशिक्षकाच्या हाती होत्या?

३. आपल्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी अलीकडे एखाद्यावर दोष ठेवला गेला असेल, तर त्या दोषाचा आरंभ कुठे झाला होता, याचा मागोवा घ्या.

४. त्या दोषात आपला स्वतःचा वाटा किती, हे प्रामाणिकपणे एका ओळीत लिहा.